जवळची वाट कशी शोधतात: वही-पेन्सिल घेऊन डायक्स्ट्रापासून २०२५ पर्यंत

बीजिंगच्या चिंग्हुआ विद्यापीठातले रान द्वान आणि त्यांचे चार सहकारी यांचा एक शोधनिबंध २०२५ साली गाजला. जवळची वाट शोधण्याच्या वेगाला १९८४ पासून जी मर्यादा पडली होती, ती त्यांनी ओलांडली. त्यानंतर विद्यार्थ्यांकडून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: मग आता डायक्स्ट्रा, म्हणजे जवळची वाट शोधण्याची जुनी पद्धत, शिकायचा कशाला? शिकायचा, कारण हा नवा निबंध डायक्स्ट्राच्याच एका सवयीवर बोट ठेवतो. ती सवय स्वतःच्या हातानं अनुभवल्याशिवाय निबंधातलं काही कळत नाही. म्हणून हा लेख पायरीपायरीनं लिहिला आहे. वही, पेन्सिल, खोडरबर घ्या. बेरीज आणि लहान-मोठं ठरवणं एवढं गणित पुरेल. कॉम्प्युटर बराच उशिरा लागेल.

पायरी १: पाच ठिकाणांचा ग्राफ काढा

वहीवर पाच ठिपके काढा: अ, ब, क, ड, ई. हे नोड. त्यांना जोडणाऱ्या रेघा म्हणजे एज, आणि ठिपके-रेघांची ही सगळी आकृती म्हणजे ग्राफ. प्रत्येक रेघेवर एक आकडा लिहा, म्हणजे तिचं वेट. हे मिनिटं असू शकतं, किलोमीटर असू शकतं, टोलचे रुपयेही असू शकतात. आपण मिनिटं धरू.

अ–ब ४, अ–क १, क–ब २, ब–ड ५, क–ड ८, ड–ई ३.

इथेच एक सवय लावून घ्या. वेट कशाचं आहे ते आधी ठरवा आणि वहीच्या डोक्यावर लिहा. नवख्यांच्या अर्ध्याअधिक चुका अल्गोरिदममध्ये नसतात. एका रस्त्याला मीटर आणि दुसऱ्याला मिनिटं दिलेली असतात.

पायरी २: डायक्स्ट्रा हातानं करा

एड्सगर डायक्स्ट्रा यांना ही पद्धत १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये सुचली. होणाऱ्या पत्नीबरोबर खरेदी करून दमल्यावर ते एका कॅफेत कॉफी प्यायला बसले होते आणि वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल हातात न घेता, त्यांनी ती मनात जुळवली. त्यांना आर्मॅक नावाच्या नव्या कॉम्प्युटरची चुणूक सामान्य लोकांना दाखवायची होती. त्यासाठी नेदरलँड्सचा नकाशा त्यांनी ६४ शहरांवर आणला, कारण ६४ शहरांना नंबर द्यायला ६ बिट पुरतात. निबंध छापला गेला १९५९ मध्ये, अवघ्या तीन पानांचा.

आता आपल्या पाच ठिपक्यांवर करू. अ पासून सुरुवात. अ जवळ ० लिहा, बाकी सगळ्यांजवळ ‘माहीत नाही’.

अ चे शेजारी पाहा: ब ला ४, क ला १. पेन्सिलीनंच लिहा, कारण हे आकडे कच्चे आहेत. आता कच्च्या आकड्यांत सर्वांत लहान कोणता? क चा १. तो पक्का करा, भोवती गोल काढा. क पासून पुढे बघा: ब ला १ + २ = ३, म्हणजे आधीचा ४ खोडून ३. ड ला १ + ८ = ९. पुन्हा सर्वांत लहान कच्चा: ब चा ३. गोल. ब वरून ड ला ३ + ५ = ८, म्हणून ९ खोडा. मग ड चा ८ पक्का, शेवटी ई ला ११.

क ला गोल काढताना क्षणभर थांबा आणि विचारा: १ हा आकडा नंतर कधी कमी होऊ शकेल का? दुसऱ्या कुठल्याही वाटेनं यायचं तर आधी आणखी लांबच्या नोडमधून यावं लागेल, आणि रस्त्यांची वेटं ऋण नाहीत. म्हणून नाही. सगळी पद्धत या एका वाक्यावर उभी आहे. ते वाक्य पटेपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका.

पायरी ३: तुमचा वेळ कुठे गेला ते मोजा

पाच नोडांत सर्वांत लहान कच्चा आकडा नजरेनं दिसतो. दहा लाख नोड असतील तर? प्रत्येक वेळी सगळी यादी चाळली तर दहा लाख वेळा दहा लाख. डायक्स्ट्रांच्या मूळ निबंधात अशीच साधी चाळणी होती. पुढे हीप नावाची रचना आली, १९६४ मध्ये जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांच्याकडून. तिच्यात सर्वांत लहान आकडा नेहमी वर असतो आणि तो काढल्यावर उरलेले आकडे थोड्याच अदलाबदलीत पुन्हा रांगेला लागतात. किती थोड्या? एन नोड असतील तर साधारण लॉग एन, म्हणजे एन ला अर्धं-अर्धं करत १ पर्यंत यायला जेवढ्या वेळा लागतात तेवढ्या. दहा लाखांसाठी हा आकडा सुमारे २०.

१९८४ मध्ये मायकेल फ्रेडमन आणि रॉबर्ट टार्जन यांनी फिबोनाची हीप मांडला. त्यामुळे कच्चा आकडा खोडून लहान करणं सरासरीनं जवळजवळ फुकट झालं. एम एज असतील तर एकूण काम उरलं ‘एम अधिक (एन गुणिले लॉग एन)’ एवढं. हीच ती मर्यादा. ती पुढची चाळीस वर्षं का टिकली, हे पाहायला वहीचं नवं पान उघडा.

पायरी ४: एक चांदणी काढा

हा सराव सर्वांत सोपा आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही. मध्ये एक नोड काढा आणि त्याला सहा रेघा थेट सहा नोडांना जोडा. वेटं: ७, २, ९, ४, ११, ५. बाकी एकही रेघ नको.

डायक्स्ट्रा चालवा. नोड कोणत्या क्रमानं पक्के झाले? २, ४, ५, ७, ९, ११. तुम्ही आकडे चढत्या क्रमानं लावून दिलेत. आकड्यांची फक्त तुलना करून क्रम लावायचा तर एन गुणिले लॉग एन याच्या घरातल्या तुलना कराव्याच लागतात, हे गणितानं सिद्ध आहे. म्हणजे डायक्स्ट्रा कोणत्याही हीपनं चालवा, या अडसराखाली तो जाऊ शकत नाही. याला म्हणतात सॉर्टिंगचा अडसर.

आता त्याच चांदणीकडे पुन्हा पाहा आणि मूळ प्रश्न आठवा. आपल्याला हवं होतं प्रत्येक नोडपर्यंतचं अंतर. ते तर रेघेवर आधीच लिहिलेलं आहे! क्रम लावायला कुणी सांगितलंच नव्हतं. डायक्स्ट्रा अंतरं देतो आणि सोबत न मागितलेला क्रमही देतो. वेळ त्या क्रमात जातो. ही ती सवय. पुढच्या सगळ्या पायऱ्या वाचताना एकच प्रश्न जवळ ठेवा: मला अंतरं हवीत, की अंतरांचा क्रमही हवा?

या प्रश्नानं एक वरवरचा विरोधही सुटतो. २०२४ मध्ये बर्नहार्ड हॉयप्लर, रिचर्ड ह्लादिक, वाक्लाव रोझहोन, रॉबर्ट टार्जन (होय, फिबोनाची हीपवालेच) आणि याकुब त्येतेक यांनी दाखवलं की योग्य गुणधर्माचा हीप बनवून दिला, तर डायक्स्ट्रा प्रत्येक ग्राफच्या आकारासाठी शक्य तितका उत्तम आहे. आणि पुढच्याच वर्षी चिंग्हुआचा निबंध म्हणतो, डायक्स्ट्रापेक्षा वेगानं जाता येतं. दोन्ही खरं आहे. पहिल्या निबंधात प्रश्न आहे नोडांना अंतराच्या क्रमानं लावण्याचा. दुसऱ्यात फक्त अंतरं.

क्रमाला बगल देण्याची वाट त्याआधीही सापडली होती, पण अटी घालून. मिक्केल थोरुप यांनी १९९९ मध्ये, वेटं पूर्णांक असतील आणि रस्ते दुतर्फा असतील तर काम एजांच्या संख्येच्या प्रमाणातच होतं, हे दाखवलं होतं.

पायरी ५: ऋण वेट आणि बोरघाट

‘ऋण मिनिटं कुठे असतात?’ म्हणून बरेच जण हा भाग गाळतात. मिनिटं सोडा, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी घ्या. खोपोलीहून लोणावळ्याला घाट चढताना चार्ज खर्च होतो. उतरताना ब्रेकमधून थोडा चार्ज परत मिळतो, म्हणजे त्या रस्त्याचं वेट ऋण असू शकतं.

आधी डायक्स्ट्रा कुठे चुकतो ते पाहा. एकतर्फी रस्ते: अ→ब २, अ→क ३, क→ब −२. डायक्स्ट्रा ब ला २ वर पक्का करतो. पण क वरून गेलं तर ब ला १ नंच पोचता येतं. पायरी २ मधलं ते एक वाक्य इथे मोडलं.

अशा वेळी बेलमन-फोर्ड वापरतात. १९५० च्या दशकात हीच कल्पना अनेकांना स्वतंत्रपणे सुचली. गोल-बिल काही नाही: सगळ्या एज एकदा तपासा, जिथे आकडा कमी होतो तिथे कमी करा. असं एन वजा १ फेऱ्यांपर्यंत. त्यानंतरही काही कमी होत असेल तर ग्राफमध्ये ऋण वेटाचं चक्र आहे, म्हणजे फिरत राहिलं की खर्च घटतच जातो, आणि ‘सर्वांत स्वस्त वाट’ या शब्दांना अर्थच उरत नाही. पद्धत भक्कम आहे, पण हळू: एम गुणिले एन.

घाटावर परत या. समजा चढायला ५ युनिट लागतात आणि उतरताना १ परत मिळतो, म्हणजे वेट −१. लोणावळ्याच्या उंचीची किंमत २ युनिट धरा, खोपोलीची ०. आता प्रत्येक वेटात निघण्याच्या ठिकाणाची किंमत मिळवा आणि पोचण्याच्या ठिकाणाची वजा करा. चढ: ५ + ० − २ = ३. उतार: −१ + २ − ० = १. दोन्ही धन! आणि जाऊन-येऊन एकूण? आधी ५ − १ = ४, आता ३ + १ = ४. फेरी तीच राहिली. दोन ठराविक ठिकाणांमधल्या सगळ्या वाटांचा खर्च सारख्याच रकमेनं बदलतो, म्हणून सर्वांत स्वस्त वाटही तीच राहते. आता खुशाल डायक्स्ट्रा चालवा. नोडांना अशी किंमत देण्याची युक्ती डोनाल्ड जॉन्सन यांनी १९७७ मध्ये वापरली. घाटात ती किंमत उंचीतून आयती मिळते. मला ही जुळणी फार आवडते, कारण इथे गणितातली किंमत आणि शाळेत शिकलेली स्थितिज ऊर्जा एकच निघते.

कुठल्याही ग्राफसाठी अशा किमती झटपट शोधणं हे खरं अवघड काम. २०२२ मध्ये ॲरन बर्नस्टाइन, डानुपोन नानोंगकाई आणि क्रिस्तियान वुल्फ-निल्सन यांनी पूर्णांक वेटांसाठी ते जवळजवळ एम एवढ्याच वेळात करून दाखवलं. ग्राफचे लहान व्यासाचे (म्हणजे आतले नोड एकमेकांपासून फार लांब नसलेले) तुकडे पाडायचे, मधल्या थोड्या एज तात्पुरत्या बाजूला ठेवायच्या, तुकड्यांच्या आत किमती बसवायच्या आणि मग सगळं जोडायचं, असा त्यांचा मार्ग. पूर्णांकांची अट काढली तर एम गुणिले एन हा आकडा तसाच उभा होता. तो २०२४ मध्ये जेरेमी फाइनमन यांनी हलवला: एन च्या जागी एन चा ८/९ घात. कागदावर सुधारणा लहान दिसते, पण जिथे कित्येक दशकं काहीच हललं नव्हतं तिथे ती मोठी आहे.

पायरी ६: आता कॉम्प्युटर उघडा

पायथॉनमध्ये हीपक्यू, म्हणजे तिथला तयार हीप, वापरून डायक्स्ट्रा तीसेक ओळींत बसतो. दोन गोष्टी सांभाळा.

एक: हीपक्यूमध्ये आत पडलेला आकडा कमी करता येत नाही. म्हणून नवा, लहान आकडा सरळ आत टाकायचा. जुनी नोंद आतच राहते. ती बाहेर आली की वहीतल्या (म्हणजे तुमच्या यादीतल्या) आकड्याशी ताडून पाहा आणि मोठी असेल तर सोडून द्या. ही तपासणी विसरलात तरी उत्तर बहुधा बरोबरच येतं, फक्त प्रोग्रॅम विनाकारण संथ होतो, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्महिने लपून राहते.

दोन: आधी पायरी २ चा ग्राफ भरा आणि ०, ३, १, ८, ११ येतात का बघा. मग चांदणी. मगच मोठा नकाशा.

मोठा नकाशा म्हणून स्वतःच्या तालुक्याचा ओपनस्ट्रीटमॅप घ्या, ओएसएमएनएक्स या लायब्ररीनं तो थेट ग्राफच्या रूपात मिळतो. ओळखीचे रस्ते असले की चुकीचं उत्तर डोळ्यांना लगेच खटकतं. एकेरी रस्ते तपासा.

मोबाइलवरची वाट मात्र नुसत्या डायक्स्ट्रानं निघत नाही. १९६८ मध्ये हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी शेकी नावाच्या रोबोच्या कामातून ए-स्टार दिला: मुक्कामाकडे किती उरलं याचा अंदाज आकड्यात मिळवायचा, म्हणजे शोध उलट्या दिशेला भरकटत नाही. अंदाज खऱ्यापेक्षा कधीही जास्त नको. वेट मिनिटांत असेल तर सरळ रेषेचं अंतर तसंच घालू नका. त्याला नकाशातल्या सर्वांत जास्त वेगानं भागा.

त्याहून मोठी उडी म्हणजे तयारी आधीच करून ठेवणं. कार्ल्सरूहच्या गाइसबर्गर, झांडर्स, शुल्टेस आणि डेलिंग यांनी २००८ मध्ये काँट्रॅक्शन हायरार्की मांडली. गल्लीबोळातले बिनमहत्त्वाचे नोड एकेक करून काढायचे आणि वाट तुटू नये म्हणून जोडरस्ते घालायचे. प्रश्न आला की दोन्ही टोकांकडून फक्त जास्त महत्त्वाच्या नोडांकडे चढत जायचं, मधे गाठ पडते. सुमारे १ कोटी ८० लाख नोडांच्या युरोपच्या नकाशावर उत्तर मिलिसेकंदाच्या आत मिळतं. रस्त्यांचं ॲप बनवायचं असेल तर तुमचा वेळ इथे घाला, २०२५ च्या निबंधावर नको.

पायरी ७: आणि आता तो निबंध

डायक्स्ट्रा मधेच थांबवला तर पक्क्या नोडांच्या प्रदेशाला एक वेस असते. पुढच्या सगळ्या वाटा वेशीवरच्या नोडांतून जातात. वेशीवर हजारो नोड असतील तर त्यांतला सर्वांत लहान शोधत राहणं हीच सॉर्टिंगची मेहनत. द्वान आणि सहकारी म्हणतात, आधी वेशीवरची गर्दी कमी करा. आणि त्यासाठी ते त्या जुन्या, हळू बेलमन-फोर्डला बोलावतात, पण अगदी थोड्या फेऱ्यांसाठी.

हातानं करू. वेशीवर तीन नोड: प (१०), फ (११), भ (१२). एकतर्फी रस्ते: प→य १, य→र १, र→ल १, फ→व १, भ→र ५. बेलमन-फोर्डच्या तीन फेऱ्या करा.

पहिल्या फेरीत य ११, व १२, आणि भ वरून र १७. दुसरीत र ला य वरून १२ मिळतात, १७ खोडा; आणि र च्या जुन्या १७ वरून ल ला १८. तिसरीत ल चा १८ खोडून १३.

आता प्रत्येक नोडला त्याचा आकडा कुणाकडून मिळाला ते बघत झाडं काढा. प च्या झाडात चार नोड: प, य, र, ल. फ च्या झाडात दोन. भ एकटाच. फेऱ्या तीन होत्या, म्हणून निदान तीन नोडांचं झाड असलेले तेवढे ठेवा. फक्त प उरला. फ आणि भ यांच्यावर अवलंबून असलेलं सगळं तीन फेऱ्यांतच आटोपलं आहे. त्यांना पुढे न्यायची गरज नाही. उरलेल्या नोडांना निबंधात पिव्हट म्हटलं आहे. फेऱ्यांच्या संख्येला ‘के’ म्हणू; प्रत्येक पिव्हटचं झाड निदान ‘के’ नोडांचं असतं, म्हणून पिव्हट एकूण नोडांच्या के भागांपैकी एका भागाहून जास्त होऊच शकत नाहीत. तुलना करायच्या त्या एवढ्यांतच.

दुसरी कल्पना शिक्षकांना ओळखीची वाटेल. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून सर्वांत कमी गुणांच्या शंभर वेगळ्या काढायच्या असतील तर सगळा गठ्ठा क्रमानं लावावा लागत नाही, आणि त्या शंभरांतही आपसांत क्रम लावावा लागत नाही. निबंधातली रचना पिव्हटांचे असेच घोळके बाहेर काढते, प्रत्येक घोळक्यावर हीच सगळी रीत लहान प्रमाणात पुन्हा चालवते, आणि तिथून मिळालेले आकडे घेऊन पुढच्या घोळक्याकडे वळते.

सगळं जमवून काम येतं एम गुणिले लॉग एन चा २/३ घात. दहा लाख नोडांसाठी २० च्या जागी साधारण ७.४. यावरून लगेच तिपटीचा हिशोब मांडू नका. हा आकडा वाढीचा वेग सांगतो. प्रत्येक पायरीला किती खटाटोप लागतो ते त्यात नाही, आणि इथे तो साध्या हीपपेक्षा बराच जास्त आहे. शिवाय एज फारच दाट असतील तर फिबोनाची हीपचंच गणित सरस ठरतं. फायदा विरळ ग्राफात आहे.

निबंध वाचायला घ्याल तेव्हा पहिल्या पानापासून सरळ जाऊ नका. आधी पिव्हट शोधण्याचा भाग काढा, वर काढलेला प-फ-भ चा ग्राफ शेजारी ठेवा आणि त्यातल्या प्रत्येक चिन्हासमोर तुमच्या वहीतला आकडा लिहा. मग भ→र चं वेट ५ वरून १ करा, तीन फेऱ्या पुन्हा करा. र ला आता १३ आणि १२ असे दोन दावेदार येतात. झाडं बदलली का ते बघा. मग ते वेट शून्य करा. भ वरूनही र ला १२ च मिळतात, बरोबरी होते. र कुणाच्या झाडात घालायचा? निबंधाच्या सुरुवातीलाच लेखकांनी दोन वाटा कधीच बरोबरीत सुटू नयेत म्हणून एक तजवीज केली आहे. ती कशासाठी, ते आता तुम्हाला विचारावं लागणार नाही.